फेटा बांधला म्हणजे मिटलं

आमच्या भागात पुरुषमाणसानं लग्नाला जाऊन उघड्या डोक्यानं परत येणं हा अवघड प्रकार आहे. मांडवात पाय ठेवला की कुणीतरी खांदा धरून खाली बसवतं, दुसरा मागून फेट्याचे वेढे द्यायला लागतो, तिसरा हातात नारळ कोंबतो आणि तेवढ्यात फोटो निघालेला असतो. नवरीचा बाप ज्याला मानतो त्याला फेटा, जरा कमी मानतो त्याला टॉवेल-टोपी, आणि ज्याला अजिबात मानत नाही त्यालाही टॉवेल-टोपी, कारण दिली नाही तर तो गावभर बोंबलत फिरेल. बांधणारा कोण आहे हे कुणी बघत नाही. जो मोकळा सापडेल तो बांधतो. लग्न करून इकडं आले तेव्हापासून ही पद्धत बघतेय आणि तिचं मला कधी काही वाटलं नव्हतं. असल्या एका फेट्यावरून माझ्या नवऱ्याचा खटला सरकारनं मागं घ्यायला काढला, तेव्हापासून मात्र मांडवात फेट्यांचा ढीग दिसला की माझं डोकं उठतं.

आमचे हे एसटीत कंडक्टर. मी बेंबळीच्या पुढं एका शाळेवर शिक्षिका. राहायला धाराशिवात, आणि सासर कळंबच्या अलीकडं एका गावात. तिथं थोरले दीर शेती बघतात. त्या गावात एक पुढारी आहेत. त्यांचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. प्रत्येक तालुक्यात तसा एक असतोच. त्यांना एक पुतण्या आहे. पुतण्याला धंदा काय, असं विचारलं तर गावातली माणसं म्हणतात, तो साहेबांचा पुतण्या आहे. तेवढं त्याला पुरतं.

खटला ज्या दिवसाचा, त्या सकाळी हे कळंबहून निघणाऱ्या गाडीवर होते. पुतण्याचे कुणी पाहुणे त्या गाडीनं जाणार होते आणि ते स्टँडबाहेर चहा पीत होते. पुतण्यानं खिडकीतून सांगितलं, पाहुणे येईपर्यंत गाडी हलवायची नाही. यांनी थोडी वाट बघितली. गाडीत कॉलेजची पोरं होती, दवाखान्यात निघालेली माणसं होती, कोर्टाच्या तारखेला निघालेली होती. यांनी डबल बेल दिली. पुढं फाट्याजवळ पुतण्यानं जीप आडवी घातली, गाडीत चढला, तिकिटाचं मशीन हातातून ओढून सीटखाली भिरकावलं आणि यांच्या डाव्या कानावर ठेवून दिली.

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवते. आमच्या घरी मात्र कान पिळून भागलं नाही. पडदा फाटला. धाराशिवच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पुढं मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं. आता त्या कानात फक्त पाणी उकळल्यासारखा आवाज येतो. मागच्या सीटवरून कुणी हाक मारली तर यांना कळत नाही, म्हणून गाडीवरची ड्यूटी सुटली आणि आगारात बसून करायचं काम आलं. पगार तोच आहे. पण यांना गाडी आवडायची. रोजची माणसं, त्यांची दुखणीखुपणी, कुणाची पोरगी कुठं दिली, कुणाच्या म्हशीला काय झालं, हे सगळं संध्याकाळी घरी येऊन मला सांगायचे. ते सांगणं बंद झालं.

“एकच तर मारली,” असं मला कितीजणांनी समजावलं. जणू बाकीच्या उधार ठेवल्यात. आणि गाडीतल्या माणसांचं काय सांगावं? पोलीस जबाब घ्यायला गेले तेव्हा बहुतेकांनी सांगितलं की आमचा डोळा लागला होता. सकाळच्या उन्हात, खच्चून भरलेल्या गाडीत, उभ्यानं प्रवास करणाऱ्या माणसांचासुद्धा डोळा लागला होता. तरी ड्रायव्हर आणि एक म्हातारी खरं बोलले. गणवेशातल्या माणसाला ड्यूटीवर मारलं होतं, त्यामुळं गुन्हा नोंदवावाच लागला आणि पुढं दोषारोपपत्रही गेलं. तिथून पुढं तारखा सुरू झाल्या.

आता यांना नेमकं काय हवं होतं ते सांगते, कारण ते फार थोडं होतं. भरपाईचा यांना सोस नव्हता. पुतण्याला खडी फोडायला पाठवायची हौस तर मला होती, यांना तीही नव्हती. यांना एवढंच वाटायचं की कोर्टात उभं करून कुणीतरी विचारावं, त्या दिवशी काय झालं, आणि त्या मारणाऱ्यानं समोर उभं राहून ते ऐकावं. गाडीत त्याचं ऐकून घ्यावं लागलं होतं, आता त्यानं ऐकावं. मूळचा माणूस मुखदुर्बळ. पण माझ्याबरोबर मेथी निवडायला बसले की यांची साक्ष सुरू व्हायची. आधी डबल बेलचं सांगू का पाहुण्यांचं, असं मला विचारायचे. मी मास्तरीणच, मी दुरुस्त्या सुचवायची. मग म्हणायचे, राहू दे, तवाच काय सुचंल ते सांगन. एवढ्या तयारीनं कुणी परीक्षेला बसल्याचं मी माझ्या शाळेत बघितलेलं नाही.

डिसेंबरात सासरच्या गावात एक लग्न होतं. नवरीचा बाप यांचा शाळेपासूनचा मित्र, त्यामुळं न जाऊन चालणार नव्हतं. पुढारी तिथं असणार हे आम्हाला माहीत होतं. आमच्याकडं पुढाऱ्याशिवाय लग्न लागत नाही. अक्षता हातात घामेजून जातात तरी माइकवर आशीर्वाद चालू असतात. मी बायकांच्या बाजूला बसले होते. माइकवरून यांचं नाव पुकारलं, ‘आपल्या गावचे सुपुत्र’ वगैरे लावून. नवरीच्या बापानं यांचा हात धरून पुढं नेलं, पाटावर बसवलं. मागून फेटा बांधायला कोण आलं ते मला लांबून दिसलं आणि मी उठून उभी राहिले. पुतण्या. दात काढत वेढे देत होता. मग पुढं येऊन त्यानं नारळ दिला, वाकून पाया पडल्यासारखं केलं, आणि फोटोवाल्यानं त्या दोघांना जरा जवळ सरकायला सांगितलं.

घरी येताना गाडीवर मागं बसून मी यांना सोडलं नाही. पण यांना पटलेलं होतं ते एवढंच: फेटा नवरीच्या बापाचा होता. बांधणारा कुणी का असेना. भर मांडवात फेटा झिडकारून उठलो असतो तर त्या बापाची मान खाली गेली असती, आणि त्याचा त्यात काय दोष? हे मलाही खोडता येईना. आमच्या भागात कुणालाच खोडता आलं नसतं. पुतण्याला आणि त्याच्या काकाला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्यांनी मांडव निवडला. शहाणपण म्हणतात ते त्यांच्याकडं एवढंच आहे, पण जे आहे ते धारदार आहे.

फेब्रुवारी उजाडला आणि माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती वकील आहे, बहुतेक जमिनीचे दावे चालवते. दुसऱ्याच कामासाठी कोर्टात बसली होती, तिथं तिच्या कानावर आमच्या खटल्याचा नंबर पडला. तिनं चौकशी केली आणि मला विचारलं, “ताई, दाजींचा खटला मागं घ्यायचा अर्ज सरकारी वकिलांनी टाकलाय. तुम्हाला माहीत हाय का?”

मला माहीत नव्हतं. यांना माहीत नव्हतं. ज्याचा कान गेला त्याला सोडून बहुधा सगळ्यांना माहीत होतं. अर्जात काय होतं ते तिनं वाचून दाखवलं. आरोपी आणि जखमी एकाच गावचे. दोन्ही कुटुंबांत पूर्वीसारखा सलोखा झालेला आहे. खटला चालू राहिला तर गावाची शांतता बिघडेल. जखमीच्या घरच्यांची काही हरकत नाही. सोबत सलोख्याचा फोटो जोडला आहे. फोटोत आमचे हे फेटा बांधून, नारळ घेऊन, गोंधळलेल्या चेहऱ्यानं बसलेले.

घरच्यांची हरकत नाही म्हणजे कुणाची, हे शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. रविवारी गावी गेलो. थोरले दीर ओसरीवरच होते. त्यांनी काही लपवलं नाही. उलट कौतुकानं सांगितलं. जानेवारीत पुढाऱ्याच्या मळ्यात हुरड्याचा बेत होता. आगटी पेटवलेली, दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी, सगळी बडदास्त. सरकारी वकील आले होते, आरोपीचे वकीलही आले होते, दोघं एकाच गाडीतून उतरले. दिरांना खास माणूस पाठवून बोलावलं होतं. सरकारी वकिलांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं गरम कणीस चोळून दाणे त्यांच्या हातावर ठेवले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्या घरातून काही अडचण नाही ना?

“मग तुम्ही काय सांगितलं?” मी विचारलं.

“सांगायचं काय? न्हाय म्हणलं काय अडचण. गावात ऱ्हायचंय आपल्याला.”

“मार यांनी खाल्ला, भाऊजी. तुम्हाला विचारलं तर तुम्ही यांच्याकडं बोट दाखवायचं.”

“घरातला मोठा म्या हाय,” ते म्हणाले. “मलाच इचारणार की.”

आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती ही. एकदा वाटलं होतं, दिरांना यातून काहीतरी मिळालं असेल. मिळालं असतं तर मला बरं वाटलं असतं. निदान माणूस कशासाठी तरी वाकला असं म्हणता आलं असतं. काही मिळालं नव्हतं. मूठभर हुरड्यावर आणि शेजारी बसायच्या मानावर त्यांनी भावाचा कान देऊन टाकला, आणि तो दिला याचाही त्यांना पत्ता नव्हता. परत निघताना आमचे हे मला म्हणाले, दादाला बोलू नको. मी बोलले नाही. जे बोलले नाही ते माझ्यापाशी अजून तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून सरकारी वकिलांना भेटायला गेले. हे ड्यूटीवर होते आणि मीही यांना मुद्दामच नेलं नाही, कारण यांच्यासमोर मला मनासारखं भांडता येत नाही. बरीच वाट बघितल्यावर आत बोलावलं. माणूस टापटीप, बोलायला गोड. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, “बाई, आधी एक समजून घ्या. केस सरकारची असते, तुमची नसते. तुमचे मिस्टर साक्षीदार आहेत. साक्षीदाराला विचारून सरकार चालत नाही.”

मी म्हटलं, “मग त्यांच्या मोठ्या भावाला कशाला विचारलंत? त्याला कुठं लागलं होतं?”

यावर त्यांनी तुमच्या भावना मी समजू शकतो असं म्हटलं. ज्याला काहीएक समजून घ्यायचं नसतं तो माणूस हे वाक्य फार गोड आवाजात म्हणतो, हा माझा नोकरीतला जुना अनुभव आहे. मग खुर्ची पुढं ओढून ते कामाचं बोलायला लागले. पोरगं तरुण आहे, पुढं निवडणुकीला उभं राहायचंय, एका चुकीपायी आयुष्याचं नुकसान कशाला. त्याला तुमच्या घरी पाठवतो. तुमच्या मिस्टरांच्या पायावर डोकं ठेवेल. दार लावून घ्या, हवं तर दोन थोबाडीत मारा, कुणाला कळणार नाही.

“मारलं भरल्या गाडीत,” मी म्हटलं, “आणि माफी दार लावून?”

त्यांनी घड्याळ बघितलं. मी उठले. सरकारी वकील म्हणजे सरकारनं आपल्या बाजूनं उभा केलेला माणूस, असं मी मुलांना नागरिकशास्त्रात शिकवत आलेय. त्या दिवशी कोर्टाच्या जिन्यावरून उतरताना वाटलं की ते पान फाडून टाकावं. कुंपणानं शेत खाल्लं तर निदान शेतकऱ्याला खाल्लेलं दिसतं. इथं शेतकऱ्याला सांगतात की शेत तुझं नाहीच, कुंपणाचं आहे.

मामेबहीण मात्र खुशीत होती. म्हणाली, आता नवा कायदा आहे. सरकारला खटला मागं घ्यायचा असेल तर ज्याच्याविरुद्ध गुन्हा घडला त्याचं म्हणणं कोर्टानं ऐकून घेतलंच पाहिजे. ते ऐकल्याशिवाय परवानगी देता येत नाही. पूर्वी हे असं लिहिलेलं नव्हतं. म्हणूनच घरच्यांची हरकत नाही आणि हा फोटो, ही सगळी सजावट. ऐकून घेतल्याचं सोंग उभं करायचं आणि माणूस येऊच द्यायचा नाही. मी तिला विचारलं, तू त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी तिथं बसली नसतीस तर? ती म्हणाली, तर मागं गेला असता.

कायदा करणाऱ्यांनी इथं अर्धीच भाकर थापली आहे, असं माझं मत आहे. ऐकून घ्या म्हणायचं, पण त्या माणसाच्या स्वतःच्या हातात सांगावा पोचला पाहिजे, त्याच्या भावाच्या नाही, काकाच्या नाही, गावातल्या शहाण्यांच्या नाही, हे बघायचं कुणी? सरकारी वकील आणि आरोपीचा वकील एका आगटीभोवती बसून काय ठरवतात ते ज्याचं डोकं फुटलं त्याला आधी कळलं पाहिजे. ते कळत नसेल तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पहिला बुक्का पुतण्याचा, पुढचे सगळे सरकारी.

तारखेच्या आधी गावाकडून निरोप यायला लागले. दिरांचा निरोप असा की कोर्टात उभा राहणार असशील तर गावात माझ्या दारात येऊ नको. गावातले दोन प्रतिष्ठित घरी येऊन चहा पिऊन गेले. त्यांनी शांतता या विषयावर माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल असं भाषण केलं. त्यातला एक त्या सकाळी गाडीत होता, डोळा लागलेल्यांपैकी. तो म्हणाला, वहिनी, जुनं उकरून काय मिळतं? मी म्हटलं, झोप झाली का तुमची पुरी? चहा अर्धा ठेवून गेला.

मी मनातून धास्तावले होते, कारण दिरांवर यांचा फार जीव. सासरे लवकर गेले, दिरांनीच यांना शिकवलं, नोकरीला लावलं. तो भाऊ आणि ती साक्ष यांतलं एकच मिळणार होतं. तारखेच्या सकाळी मी विचारलं, जायचं का? म्हणाले, “दादाचं ऋण फिटणार न्हाय. पण दादानं माझ्या कानावर सही केली. तेवढी माघारी घ्यायला पायजे.” आणि चपला घालून दारात उभे राहिले.

कोर्टात आम्ही मागच्या बाकावर बसलो. न्यायाधीश बाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहान. पुकारा झाला. पुतण्या पांढरे कडक कपडे घालून उभा राहिला, सोबत त्याची चार-पाच टाळकी. सरकारी वकिलांनी अर्ज थोडक्यात सांगितला. न्यायाधीशांनी विचारलं, जखमी व्यक्तीचं म्हणणं कुठं आहे? सरकारी वकील म्हणाले, कुटुंबाची सहमती आहे, फोटो जोडला आहे, वेगळं बोलावण्याची आवश्यकता वाटत नाही. तेव्हा माझी मामेबहीण उठली आणि म्हणाली की जखमी व्यक्ती इथं हजर आहे आणि तिला बोलायचं आहे.

पुतण्यानं मागं वळून बघितलं. त्याचं ते पडलेलं तोंड मी पुढं पुष्कळ दिवस पुरवून पुरवून आठवलं.

हे पुढं गेले. उजवा कान पुढं करून उभे राहिले. न्यायाधीशांचा पहिला प्रश्न ऐकू आला नाही, तो त्यांनी न चिडता पुन्हा विचारला, आणि मला त्या बाईंविषयी एकदम माया वाटली. त्यांनी फोटो दाखवला. हे तुम्हीच ना? व्हय. फेटा बांधणारा आरोपीच ना? व्हय. मग?

“साहेब, फेटा नवरीच्या बापाचा व्हता,” हे म्हणाले. बाई असल्या तरी आमच्याकडं न्यायाधीश म्हणजे साहेबच. “बांधणारा कोण हाय ते बघून मांडवातून उठून जाता येत न्हाय. पोरगी सासरी निघालेली. तिच्या बापाला खाली बघायला लावू का?”

कोर्टात जरा हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं. बसलेल्यांत अर्धे फेटे बांधून घेतलेलेच होते, त्यांना हे कळलं. न्यायाधीशही इकडच्याच असाव्यात, कारण त्यांनी पुढं काही समजावून मागितलं नाही. त्यांनी विचारलं, “तुम्ही आरोपीला माफ केलं आहे का?”

“हे मला कुणी इचारलंच न्हवतं, साहेब. पयल्यांदा तुमीच इचारलं.” मग हे म्हणाले, “न्हाय केलं.”

मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी काय झालं? आता साक्षीची वेळ ही नव्हती, ती नंतर व्हायची असते, हे मला मामेबहिणीनं पुढं सांगितलं. पण त्यांनी विचारलं खरं. मी बाकाची कड धरून बसले. मेथी निवडताना जुळवलेली वाक्यं यांना एकही आठवली नाही. यांनी कंडक्टरसारखं सांगितलं, एकेका थांब्यानं: गाडी स्टँडला कधी लागली, कोण चढलं, पाहुणे कुठं चहा पीत होते, बेल कधी दिली, फाट्याजवळ जीप कशी आली. मशीन सीटखाली गेलं तेव्हा ते आधी उचलायला वाकले, कारण हिशेब त्यांच्या अंगावर होता, आणि वाकलेले असतानाच मारलं, हे मलासुद्धा तेव्हाच कळलं. घरी यांनी कधी सांगितलं नव्हतं. पुतण्या उभा राहून ऐकत होता. दुसरं काही करायची त्याला सोय नव्हती.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल सांगितला. अर्ज फेटाळला, खटला चालेल, साक्षीला तारीख पडली. दोन-चार ओळींचं काम. एवढ्या हुरड्याची राख झाली म्हणून मला बरं वाटलं, पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही. जिन्याजवळ आल्यावर माझ्या ध्यानात आलं की हा खटला आता चालवणार कोण? तेच सरकारी वकील. दुसरा कुणी आम्हाला मिळणार नव्हता. ज्या तोंडानं त्यांनी सलोखा वाचून दाखवला, त्याच तोंडानं आता यांची साक्ष काढायची होती.

ते तिथंच होते. फायली काखेत घेऊन तणतणत आले. मला बाजूला सारून सरळ यांच्यासमोर उभे राहिले. एवढ्या दिवसांत यांना त्यांनी समोरासमोर पहिल्यांदाच बघितलं असेल. आमच्या तालुक्यात पुढाऱ्याच्या विरोधात एक दुसरा गट आहे, आणि आपणहून कुणी कोर्टात उभा राहिला तर त्याला त्या गटानं फूस दिलेली असणारच, यापलीकडं त्यांचं डोकं जात नव्हतं. स्वतःला लागलं म्हणून कुणी बोलायला येतो, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं.

“खरं सांगा,” ते म्हणाले, “तुम्ही कोणाकडून आलात?”

यांना ऐकू गेलं नाही. यांनी उजवा कान पुढं केला. वकिलांनी पुन्हा विचारलं, आता मोठ्यानं, सगळा व्हरांडा ऐकेल असं. मला वाटलं, हे आता गोंधळणार.

“तुमच्याकडून, साहेब,” हे म्हणाले. “केसवर लिवलंय की, सरकार विरुद्ध ह्यो. सरकारकडून तुमी आन म्या, दोघंच व्हतो. तुमी तिकडं गेलाव. आता म्या एकटाच हाय.”